रस्मियाच्या घरची थंड कॉफी

ऐन सफसाफ गावात कुणाचं कुणाशी वाजलं की लोक आधी विचारतात, रस्मिया त्यात होती का? नसली तर भांडण साधं, संध्याकाळपर्यंत मिटेल. असली तर मग बसा. तिचा नवरा जिवंत होता तेव्हा म्हणायचा, या बाईला अल्लानं जीभ दिली आणि लगाम द्यायचा राहून गेला.

नवरा अकाबाच्या रस्त्यावर ट्रक उलटून गेला तेव्हा मुलगा नायफ चार वर्षांचा होता. सासरचे म्हणाले, घरात बस, आम्ही दोन घास घालू. ती म्हणाली, घास घालायला मी काय कबूतर आहे? तेव्हा खालच्या माळावर कपड्यांचा कारखाना नुकताच उभा राहिला होता. ती तिथे दोरे कापायच्या कामाला लागली. मोठा दीर अबू सत्ताम वर्षभर तिच्याशी बोलला नाही. तिच्या पगारातून घरावर वरचा मजला चढला तेव्हा मात्र त्याला आपोआप कंठ फुटला.

अशी बावीस वर्षं गेली. दोरे कापता कापता रस्मिया शेवटच्या तपासणीच्या टेबलाशी पोचली आणि तिथेच ठाण मांडून बसली. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही कपडा खोक्यात जायचा नाही. डाव्या हातानं उलटायचा, उजव्या हातातल्या कात्रीनं लोंबता दोरा उडवायचा, अंगठा शिवणीवरून फिरवायचा आणि पुढे ढकलायचा, सगळं वीस सेकंदांत. शिलाईवर गावातल्या पाच-सहा पोरी सोडल्या तर बाकी सगळ्या बाहेरदेशच्या, नेपाळच्या, बांगलादेशच्या, लंकेच्या. रस्मिया सगळ्यांवर सारखीच खेकसायची आणि सगळ्यांना अरबी शिकवायची. पहिला शब्द शिकवायची तो 'ला', म्हणजे नाही. मुकादमाला ते मुळीच आवडायचं नाही. तो म्हणायचा, आधी 'होय' तरी शिकव. ती म्हणायची, होय त्यांना तू आल्याआल्याच शिकवलंस की.

या पोरींत एक होती धनमाया. नेपाळातल्या डोंगरातली, बुटकी, खांद्यानं रुंद, हसली की डोळे मिटायचे. चौथ्या रांगेत बसून ती गळ्याच्या पट्ट्या लावायची. पट्टी जिथे संपते तिथे दोन उलटे टाके घालायचे, असा कारखान्याचा नियम. धनमाया चार घालायची आणि उरलेलं दोऱ्याचं शेपूट आत खुपसायची. तिचा बाप शिंपी, त्यानं तसं शिकवलेलं. त्यांच्याकडे कपडे दगडावर आपटून धुतात, दोन टाक्यांत गळा उसवतो. रस्मिया तिच्यावर ओरडायची, "अगं बाई, तुझ्या बापाच्या लग्नाचा कोट नाहीये हा. दोन पुरेत. तुझ्या चार टाक्यांनी माझी कात्री झिजली." धनमाया हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चार घालायची. शेवटी रस्मियानं तिचं नावच चार टाके ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत दोघी एकाच पायरीवर बसायच्या. रस्मियाच्या डब्यातला ज़ातरचा मसाला लावलेला पाव अर्धा धनमायाच्या पोटात जायचा.

तिचा तीन वर्षांचा करार संपला आणि एका सकाळी तिची खुर्ची रिकामी दिसली. तिच्यासोबत आणखी दहा जणींच्या रिकाम्या. मुकादम म्हणाला, गेल्या आपापल्या देशी, विमानतळावर सोडून आलो. रस्मियाला राग आला तो धनमायाचा. तीन वर्षं माझा पाव खाल्ला आणि जाताना दारात तोंडसुद्धा दाखवलं नाही. तिच्यासाठी बांधून ठेवलेला ज़ातर तिनं शेजारणीला देऊन टाकला आणि आठवडाभर नेपाळ्यांच्या नावानं बोटं मोडली.

याला नऊ महिने झाले.

एका सोमवारी सकाळी कारखान्यातली वीज गेली. मशिनं थांबली, पोरी डोकं टेकून बसल्या. रस्मियाला रिकामं बसता येत नाही. खिडकीपाशी उजेडात जाऊन ती हातातला टोपीवाला जाड शर्ट चाचपत उभी राहिली. घाई नव्हती, म्हणून अंगठा गळ्याच्या पट्टीच्या टोकाशी थांबला. तिथे गाठीसारखं काही लागलं. तिनं उलटून पाहिलं. चार उलटे टाके. शेपूट आत खुपसलेलं.

तिनं दुसरा शर्ट घेतला. त्यात चार. तिसऱ्यात शेपूट अर्धवट बाहेर होतं, आणि तिथे कात्रीचा घाव होता, ताजा, सकाळचा, तिच्याच कात्रीचा.

रस्मियानं शर्टाचा कपडा पुन्हा न्याहाळला. हा निळा कपडा गेल्या गुरुवारी कापला होता, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे या गळ्यांना पट्ट्या लागून तीन-चार दिवससुद्धा झाले नव्हते. धनमाया नेपाळात नव्हती. ती इथेच कुठेतरी, या माळावर, मशीनवर बसलेली होती. आणि हे असे गठ्ठे तर महिनोन् महिने येत होते. बाहेरचे गठ्ठे म्हणून ते टेबलावर पडायचे, त्यांवरच्या चिठ्ठ्या छापील नसून हातानं लिहिलेल्या असायच्या, आणि रस्मिया रोज शेकड्यांनी दोरे उडवत होती. डोळ्यांनी पाहत होती आणि कात्री चालवत होती. तिला स्वतःचीच इतकी शिसारी आली की वीज आल्यावर पहिला तासभर तिनं कात्री हातात धरली नाही.

मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, शिवण ती शिवण, कुणाच्या हाताची कशी ओळखणार? रस्मिया म्हणाली, तुझ्या बायकोचा स्वयंपाक तू ओळखतोस की नाही? तो म्हणाला, आपलं काम बघ. तेव्हाच तिला कळलं की पाणी मुरतंय, आणि चांगलंच खोल मुरतंय.

बुधवारपर्यंत तिनं गठ्ठे आणणाऱ्या व्हॅनच्या ड्रायव्हरला बोलतं केलं. तो तिच्या मावसबहिणीचा जावई. आधी कानावर हात ठेवले, मग म्हणाला, मी काही बोललो नाही, पण मफ्रकच्या रस्त्याला अबू राकानची जुनी पोल्ट्री आहे ना, तिथे आता कोंबड्या नाहीत. एवढं सांगून त्यानं व्हॅनची काच वर केली.

अबू राकान गावातला मोठा माणूस. लग्नाला मंडप त्याचा, मय्यतीला खुर्च्या त्याच्या, मशिदीच्या गालिच्यावरही त्याचंच नाव. कारखान्याला शिलाईचं जास्तीचं काम तो बाहेरून करून देतो, हे सगळ्यांना माहीत होतं. कुठे आणि कोण करतं, हे कुणी विचारलं नव्हतं. फुकटच्या खुर्च्यांवर बसून असे प्रश्न सुचत नाहीत.

शुक्रवारी दुपारी, नमाजाला सगळे पुरुष मशिदीत असतात त्या वेळेला, रस्मिया बसनं फाट्यावर उतरली. काखेत रिकामं पोतं. कुणी हटकलंच तर ऑलिव्हच्या झाडांना कोंबड्यांचं खत न्यायला आले, असं सांगायचं ठरवून ठेवलं होतं. हटकायला कुणी नव्हतंच. राखणदारही नमाजाला गेला होता. जाताना त्यानं पत्र्याच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं होतं, मुठीएवढं मोठं. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. मागच्या बाजूला दोरीवर बायकांचे कपडे वाळत होते, आणि आतून मशिनांचा आवाज येत होता. शुक्रवारी, नमाजाच्या वेळेला.

रस्मियानं मागच्या भिंतीतल्या हवेच्या झरोक्याला तोंड लावलं आणि हाक मारली, "चार टाके."

मशिनं एकेक करून थांबली. कुणीतरी पिंप सरकवलं, त्यावर चढलं. झरोक्याच्या जाळीमागे धनमायाचा चेहरा आला. वाळला होता. डोळे मिटून हसली नाही.

"मावशी, एवढे दिवस लावलेस?"

रस्मियानं जाळीला बोटं लावली. मग धनमाया बोलली, हळू, मोडक्या अरबीत, पण एकेक गोष्ट नीट. विमानतळावर नेतो म्हणून व्हॅनमध्ये घातलं आणि इथे उतरवलं. दोन आठवड्यांचं काम आहे, मग तिकीट, असं अबू राकान म्हणाला. पासपोर्ट त्याच्याकडे, फोन त्याच्याकडे. कामाचा परवाना संपून नऊ महिने झाले. बाहेर पाऊल टाकलंत तर पोलीस तुम्हालाच आत टाकतील, दंड भरायला जन्म जाईल, असं तो रोज सांगतो. सकाळी सहापासून काम. गठ्ठे आणि धुणं राखणदार दारातूनच घेतो, बाहेर सोडतात ते रविवारी एकदा, पाण्याचा टँकर येतो तेव्हा. दोघींना खोकला आहे, एकीच्या बोटातून सुई आरपार गेली, त्यावर हळद लावली.

"पहिल्या महिन्यात मी दोनच टाके घालत होते," धनमाया म्हणाली. "मुकादमाचा नियम. मग कळलं की गठ्ठे तुझ्या टेबलावर जातात. मग चार सुरू केले. म्हटलं, मावशी एक दिवस ओरडेल."

"मी कापत होते गं," रस्मिया म्हणाली. "मी मेली कापत होते."

"आता रडू नकोस. नमाज संपेल. नावं घे."

तिनं अकरा नावं सांगितली, बापाच्या नावासकट, गावासकट. रस्मियाला लिहायला कागद मिळेना. तिनं पोतं उलटं केलं आणि भुवया रंगवायच्या पेन्सिलीनं पोत्यावर लिहिलं. लिहून झाल्यावर विचारलं, "मी सरकारात गेले तर चालेल ना? तुम्ही अकरा जणी ठरवा. तुमच्यावर शेकणार असेल तर मी दुसरं काही बघते." आत कुजबुज झाली, बरीच झाली. मग धनमाया म्हणाली, "जा. कुठलीही जागा याच्यापेक्षा बरी."

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी कचेऱ्या उघडल्या तशी रस्मिया कामावर गेली नाही, शहरात कामगार कार्यालयात गेली. टेबलामागे एक तरुण अधिकारी बाई होती. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, पुरावा काय? रस्मियानं टेबलावर पोतं पसरलं. त्यावर हातानं लिहिलेल्या गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या ठेवल्या, शेजारी कारखान्याच्या छापील चिठ्ठ्या ठेवल्या, आणि मग पिशवीतून शर्ट काढले, एक दोन टाक्यांचा, एक चार टाक्यांचा. कुठलं काम कुठे झालं ते गवंड्याला विटा दाखवाव्यात तसं दाखवलं. अधिकारी बाईनं चार टाक्यांवरून आपलं बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाली, याला माणसांचा व्यापार म्हणतात, हे नुसतं पगाराचं भांडण नाही. परवा, मंगळवारी सकाळी सरकारी वकिलासमोर जबाब द्या, की लगेच पोलीस घेऊन दार उघडू. आणि नाव गुप्त ठेवता येतं, ठेवू का?

"कशाला?" रस्मिया म्हणाली. "नावं ठेवायला लोक आहेतच. लिहा. रस्मिया. बापाचं नाव लिहा, आज्याचं लिहा, कुळाचं लिहा."

बाईनं लिहिलं. मग म्हणाली, "मावशी, एकच करा. मंगळवारपर्यंत कुणाजवळ बोलू नका. त्याला कळलं तर तो रातोरात त्यांना दुसरीकडे हलवेल."

हेच एक काम रस्मियाला जमण्यासारखं नव्हतं.

शहरातून परतताना तिनं तेवढ्याच हिमतीनं कारखान्याचा माल घेणाऱ्या परदेशी कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावर फोन केला. तो नंबर कारखान्यात सहा भाषांत लावलेला होता, पण मॅनेजरच्या खोलीच्या दारामागे, आणि ते दार दिवसभर उघडंच असायचं. रस्मियानं वीज गेली तेव्हाच दार ओढून तो उतरवून घेतला होता. तिकडे त्यांनी तिचं सगळं नोंदवून घेतलं. इथपर्यंत ठीक होतं. मग ती पाव घ्यायला भट्टीवर गेली. रांगेत पुढे अबू राकानची वहिनी. ती म्हणाली, आमचा अबू राकान यंदा हजला चाललाय, केवढं पुण्य पदरी आहे त्याच्या. आणि रस्मियाची जीभ सुटली. पुण्य? अकरा पोरी कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडून कसलं पुण्य? मंगळवारी सरकारी वकिलासमोर सांगणारच आहे मी सगळं. वहिनी रांग सोडून तरातरा घराकडे निघाली. रस्मियानं तोंडावर हात ठेवला, पण बाण सुटला होता. घरी येऊन तिनं स्वतःच्या गालात मारून घेतली. आता त्या अकरा जणींना हलवलं तर ते पाप कुणाच्या माथी? तिच्याच.

सोमवारी सकाळी कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्यानं तिला अडवलं. बावीस वर्षं उम्म नायफ, म्हणजे नायफची आई, म्हणून रोज सलाम करणारा माणूस, त्यानं नजर चुकवून सांगितलं, उम्म नायफ, तुझं कार्ड बंद केलंय. रस्मियानं कार्ड त्याच्या हातात ठेवलं. म्हणाली, जपून ठेव, त्यावरचा फोटो माझ्या तरुणपणीचा आहे.

आणि सोमवारी दुपारी, असरच्या नमाजानंतर, तिच्या दारात वीस माणसं आली.

कुणी मुलगी मागायला, कुणी खून माफ करून घ्यायला अशी जाहा, म्हणजे मानाच्या माणसांची रदबदली, घेऊन येतं. अंगावर अबाचे लांब झगे, डोक्यावर नीट बसवलेले रुमाल, पुढे कुळातला वडीलधारा. ही जाहा अबू राकाननं आणली होती. पुढे होता हाजी फलाह, पंचाहत्तरीचा, ज्याचा शब्द आजवर कुणी खाली पडू दिला नव्हता. अबू सत्तामला अशी माणसं आपल्या बैठकीत आली म्हणून घाम फुटला. नायफ कुवेतला, तेव्हा घरचा कर्ता तोच. त्यानं बायकांना आत पिटाळलं आणि स्वतः कडू कॉफीची किटली धरली.

पहिला कप हाजी फलाहच्या हातात गेला. त्यानं तो ओठाला लावला नाही. समोर गालिच्यावर ठेवला. मग दुसऱ्यानं ठेवला, मग तिसऱ्यानं. वीस कप रांगेनं गालिच्यावर. म्हणजे मागणं आहे. ते पुरं होईपर्यंत कुणी पिणार नाही, आणि पाहुणे तसेच उठून गेले तर त्या घरानं मान वर करून चालायचं नाही. अबू सत्तामच्या आज्यापासून त्या घरातला एक कप थंड झाला नव्हता.

हाजी फलाह फार सुरेख बोलला. शेजार, सोयरीक, पैगंबरांची वचनं. मग मुद्द्यावर आला. बाईमाणसाच्या तोंडून रागात एखादा शब्द जातो. उद्याचा जबाब होऊ नये. अबू राकान त्या परक्या पोरींना महिन्याभरात घरी पाठवील, त्याचा शब्द आहे. उम्म नायफला काम परत मिळेल, वर मुकादमाची जागा मिळेल. "आम्ही एवढंच मागतो, अबू सत्ताम. द्या, म्हणजे तुमची कॉफी पिऊ."

पडद्याआड रस्मिया सगळं ऐकत होती. जावा तिचा हात धरून बसल्या होत्या. अबू सत्तामचा आवाज आला. "हाजी, तुम्ही माझ्या घरी आलात, यातच..." आणि तिला पुढचं कळलं. पुढचा शब्द होता, प्या. तो एकदा निघाला की घराचा शब्द गेला. मग मंगळवारी तिनं जबाब दिला तर सगळ्या कुळाला खोटं पाडल्यासारखं, आणि नाही दिला तर दार बंदच.

ती जावांचा हात झटकून बैठकीत गेली. वीस पुरुषांच्या मध्ये, डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधत.

"सलाम अलैकुम. हाजी, थांबा. तुम्ही मागताय ते अबू सत्तामकडे नाहीच. तो देईल कुठून?"

अबू सत्ताम ओरडला, "आत जा."

"जाते. एवढं बोलून जाते." ती हाजीकडे वळली. "हाजी, तुम्हीच लहानपणापासून आम्हाला शिकवलंत. ज्याचं रक्त सांडलं, माफी त्याच्या घरी मागायची. शेजाऱ्याच्या नाही. माझं काय गेलंय? एक नोकरी गेली, ती मी तुम्हाला माफ केली, जा. पण त्या अकरा जणींचा हक्क माझ्या पदरात नाही. तो मी सोडला तर ती चोरी. तुमची जाहा चुकीच्या दारात आली आहे. त्यांच्या दारात जा. त्यांच्यापुढे कप ठेवा. आणि जाताना अबू राकानकडून किल्ली मागून घ्या, कारण ते दार बाहेरून बंद आहे."

हाजी फलाहनं अबू राकानकडे मान वळवली.

"दाराला बाहेरून कुलूप आहे?" त्यानं विचारलं.

"चोरांची भीती असते, हाजी," अबू राकान म्हणाला. "बायकामाणसं आहेत. त्यांच्याच भल्यासाठी."

"चोरांची भीती असली तर कडी आतून घालतात."

अबू राकाननं रुमाल सारखा केला. म्हणाला, परक्या बायकांसाठी आपली माणसं तोडायची का? रस्मिया म्हणाली, तुझा मुलगाही सौदीत परकाच आहे, त्याच्या दाराला कुणी बाहेरून कुलूप घातलं तर कुठल्या कपात कॉफी ओतशील? त्यावर दोघा-तिघांनी खाली पाहिलं. त्यांचीही पोरं बाहेर होती. आमच्यात कुणाची नाहीत?

हाजी फलाह उठला. अबा सारखा केला. कप तसाच राहिला. तो उठला म्हणून वीसही जण उठले, आणि अबू राकान सगळ्यांत शेवटी. ओळीनं बाहेर पडले. गालिच्यावर वीस कप होते, भरलेले.

अबू सत्ताम भिंतीला टेकून बसला. "तू माझं नाक कापलंस," तो म्हणाला. "आज्याच्या वेळेपासून या घरात असं झालं नव्हतं. उद्या तुला गाडी मिळणार नाही. माझ्या पोरांपैकी कुणी तुला न्यायचं नाही." रस्मिया म्हणाली, बस आहे. मग तिनं वीस कप ट्रेमध्ये गोळा केले, मागच्या मोरीत ओतले आणि विसळले. त्यात एक फुटला.

तिला धास्ती होती ती निराळीच. अबू राकानला आता सगळं माहीत होतं. आजच व्हॅन लावून त्यानं पोरींना हलवलं तर? तिनं अधिकारी बाईला फोन केला, भट्टीवर आपण काय माती खाल्ली ते कबूल केलं, शिव्या खायची तयारी ठेवली. बाई म्हणाली, मी आत्ताच पोलिसांना कळवते, पण तुमचा जबाब हवाच, सकाळी पहिली या.

मंगळवारी ती पहिली पोचली. सरकारी वकिलानं विचारलं, तुमचा त्यांच्याशी संबंध काय? ती म्हणाली, मी त्यांचे दोरे कापले. वकिलाला कळलं नाही, तिनं समजावून सांगितलं, आणि नऊ महिने आपण ते पाहिलं नाही, तेही लिहून घ्यायला लावलं. मग सही केली. दुपारी बारा वाजता पोलिसांच्या गाडीत बसून ती मफ्रकच्या रस्त्याला लागली, आणि वाटभर मनातल्या मनात म्हणत होती, रिकामं नसू दे, या अल्ला, रिकामं नसू दे.

पोल्ट्रीच्या फाटकात एक पिकअप आडवी लावलेली होती. आत-बाहेर सायकलसुद्धा जाऊ नये अशी. तिच्यापुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर हाजी फलाह बसला होता. शेजारी दोन पुतणे आणि पायाशी थर्मास. पुतण्यानं सांगितलं, चाचा कालपासून इथेच आहेत. मगरिबला, दिवस मावळताना, अबू राकानची व्हॅन आली होती. चाचा म्हणाले, मला तुडवून ने. व्हॅन परत गेली. किल्ली मागितली, ती काही मिळाली नाही.

हाजीनं रस्मियाकडे पाहिलं नाही. पोलिसांनी कुलूप कापलं. दार उघडलं आणि आतल्या पोरी उजेडाकडे हात आडवे धरून एकेक करून बाहेर आल्या. रस्मियानं मोठ्यानं मोजल्या. अकरा. धनमाया सगळ्यांत शेवटी. रस्मियानं तिला छातीशी धरलं आणि भर रस्त्यात हंबरडा फोडला. अधिकारी बाईनं मागच्या खोलीतल्या कपाटातून पासपोर्टांचा गठ्ठा आणला आणि जिचा तिच्या हातात दिला. धनमायानं आपला उघडून फोटो पाहिला, बंद केला आणि ब्लाउजमध्ये ठेवला.

मग हाजी फलाह उठला. थर्मासमधून एक कप भरला आणि चालत येऊन धनमायासमोर दगडावर ठेवला. म्हातारा माणूस, वाकताना गुडघ्याला हात लावावा लागला. म्हणाला, मुली, माझ्या कुळातल्या माणसानं तुमच्यावर जुलूम केला. त्याच्यासाठी मी माफी मागायला आलोय. रस्मियानं तिला सोप्या शब्दांत समजावलं. तू प्यालीस तर तुझं त्यांचं मिटलं. नाही प्यालीस तर नाही मिटलं. कुणाची भीड धरू नकोस, माझीसुद्धा.

धनमायानं कपाकडे पाहिलं. मग मागे वळून उरलेल्या दहा जणींकडे पाहिलं. बोटात सुई गेलेली पोर हात छातीशी धरून उभी होती. धनमाया म्हाताऱ्याकडे वळली.

"ला," ती म्हणाली. "कोर्टात सांगेन. मग बघू."

दहाजणींतल्या एकीनंही कपाकडे हात केला नाही. पोलीस अवघडले. रस्मियाला वाटलं, आता हा म्हातारा चिडणार.

हाजी फलाहनं मान हलवली. "हक्क तुझा आहे," तो म्हणाला. कप तिथेच दगडावर सोडून तो पिकअपकडे चालू लागला. पंचाहत्तर वर्षांत ज्याचा कप कुणी थंड होऊ दिला नव्हता, त्याचा दोन दिवसांत दोनदा बायकांनी थंड केला होता, आणि पुतण्यानं हात पुढे केला तर त्याला म्हणाला, राहू दे, मी चढतो माझा मी.